मोफत घरांच्या योजनेला तीस वर्षं झाली, मग मुंबईतली झोपडपट्टी अडलीय कुठे? आणि इमारत येईपर्यंत वस्तीत आधी काय करावं?

शीवकर

झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हणजे आपलं एसआरए, 25 डिसेंबर 1995 ला सुरू झालं. तेव्हाचं आश्वासन होतं 40 लाख झोपडीवासीयांना मोफत घर. पाच माणसांचं कुटुंब धरलं तर आठ लाख घरं. तीस वर्षांत लोकांच्या हातात पडली ती अडीच लाखांच्या आसपास. 2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबईच्या 1 कोटी 24 लाखांपैकी 52 लाख माणसं झोपडपट्टीत मोजली गेली, आणि त्याच जनगणनेत शहरात 4.8 लाखांच्या घरात घरं रिकामी सापडली.

"लोंढे येतात" आणि "मतांचं राजकारण" ही दोन उत्तरं चहाच्या टपरीवरही मिळतात, ती इथे कृपया नकोत. मला हे हवंय:

1. झोपडपट्टी मुळात का झाली, कायद्याच्या आणि जमिनीच्या अंगाने.
2. एसआरएची योजना नेमक्या कोणत्या पायरीवर अडते.
3. समजा 350 झोपड्यांची वस्ती आहे, पुढची दहा वर्षं इमारत होण्याची चिन्हं नाहीत, निधी मोजका आहे. तर पहिला पैसा कशावर घालावा?

प्लेनटेबल

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लवकर संपवतो, कारण ते बऱ्यापैकी माहीत आहे, फक्त कोणी एका ओळीत लावत नाही.

गिरणगावात कामगाराला परवडणारं घर म्हणजे चाळीतली खोली. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. आहे त्या भाडेकरूला संरक्षण मिळालं, पण भाड्याने द्यायला नवी चाळ बांधणं हा धंदा तिथेच मेला. मग 1976 चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा. मुंबईत 500 चौ.मी.पेक्षा जास्त मोकळी जमीन सरकारने घ्यायची आणि गरिबांची घरं बांधायची असा बेत. मालकांनी सवलती मागितल्या, कोर्टात गेले, आणि जमीन ना मालकाच्या कामी आली ना गरिबाच्या. राज्याने तो कायदा 2007 मध्ये रद्द केला, म्हणजे तीस वर्षं तशीच गेली. चटईक्षेत्राचं, म्हणजे जमिनीच्या किती पट बांधता येतं त्याचं म्हणाल तर 1991 च्या नियमावलीत शहरात 1.33 आणि उपनगरात 1. जमीन सोन्याच्या भावाची आणि तिच्यावर बांधायचं एक पट, तर लहान घर कोण बांधेल? त्यातच 1982 चा गिरणी संप. महिन्याला पगार मिळणारा माणूस नाक्यावरचा कामगार झाला. पगाराची चिठ्ठी नाही म्हणजे गृहकर्ज नाही.

राहिली ती कोणालाच नको असलेली जमीन: नाल्याचा काठ, डोंगराचा उतार, रेल्वेची हद्द, खाडीची दलदल. तीही फुकट मिळाली नाही. भराव घालणाऱ्याने, जागा धरणाऱ्याने पैसे घेतलेच. फक्त त्या व्यवहाराचा कागद नसतो.

आता दुसरा प्रश्न, कारण खरी गोम तिथे आहे.

एसआरएचं सूत्र असं: विकासकाने झोपडीधारकाला घर फुकट बांधून द्यायचं आणि त्या बदल्यात बाजारात विकायला जास्तीचं बांधकाम घ्यायचं. सुरुवातीच्या नियमात पुनर्वसनाच्या 10 चौ. फुटांमागे विक्रीला शहरात 7.5, उपनगरात 10 आणि धारावीसारख्या अवघड ठिकाणी 13.3 चौ. फूट. आता 2034 पर्यंतच्या विकास नियमावलीत हे गुणोत्तर जमिनीचा दर आणि बांधकामाचा दर यांच्या भागाकारावर ठरतं, पण तत्त्व तेच.

उपनगरातला 1:1 धरून हिशेब करा. आकडे हिशेबापुरते घेतो, बाजारभाव म्हणून नाही. बांधकाम 30,000 रुपये चौ.मी. पुनर्वसनाचा एक मीटर आणि विक्रीचा एक मीटर मिळून 60,000. संक्रमण काळातलं (झोपडी पाडल्यापासून घर मिळेपर्यंतचं) भाडं, मंजुऱ्यांचं शुल्क, कर्जावरचं व्याज मिळून आणखी 25,000 धरा. झाले 85,000. हे सगळं विक्रीच्या एका मीटरमधून निघायचं, वर विकासकाचा नफा. म्हणजे बांधीव चौ.मी.ला लाखभर, चौ. फुटाला सव्वानऊ हजारांच्या वर भाव मिळाला तरच गाडी चालते. अंधेरीत तो मिळतो. मानखुर्दच्या आतल्या गल्लीत मिळत नाही. योजना कुठे होईल हे लोकांच्या गरजेवर ठरत नाही, शेजारच्या टॉवरमधला फ्लॅट काय भावाने जातो त्यावर ठरतं. बाजार पडला की काम थांबतं, आणि तोवर झोपड्या पाडून झालेल्या असतात.

दुसरी अडचण जमिनीचा मालक कोण ही. रेल्वे, विमानतळ, संरक्षण खातं, वनखातं यांच्या जमिनीवर राज्याची योजना केंद्राच्या ना-हरकतीशिवाय हलत नाही. कागदोपत्री एकाच शहरातल्या, एकाच वर्षी वसलेल्या दोन वस्त्या. एक कलेक्टरच्या जमिनीवर म्हणून इमारतीत गेली, दुसरी रेल्वेच्या म्हणून अजून पत्र्याखाली. केवळ सर्व्हे नंबर वेगळा.

पायऱ्या आणि त्या कुठे अडखळतात:

वस्तीची सर्वसाधारण सभा, नियोजित गृहनिर्माण संस्था, विकासक निवडीचा ठराव. पूर्वी 70 टक्के संमती लागायची, आता 51. टक्का खाली आला तसे भांडण कमी होईल असं वाटलं होतं, झालं उलटं: 51 आणि 49 असे दोन गट पडून दोन विकासक दोन प्रस्ताव घेऊन येतात. त्यानंतर प्लेन टेबल सर्व्हे, म्हणजे प्रत्येक झोपडीचा नकाशा आणि क्रमांक. मग तीन परिशिष्टं: पहिलं वास्तुविशारदाचं, दुसरं पात्रतेचं, तिसरं विकासकाच्या आर्थिक कुवतीचं. मग इरादापत्र (योजनेला तत्त्वतः मंजुरी), आयओए (नकाशाची मंजुरी), झोपड्या रिकाम्या करणं, सीसी (काम सुरू करायचा दाखला), बांधकाम, ओसी (राहायला जायचा दाखला), सोडत.

सगळ्यात जास्त वर्षं खातं ते परिशिष्ट-2. 1 जानेवारी 2000 पूर्वीची झोपडी असेल तर घर मोफत. त्यानंतरची पण 1 जानेवारी 2011 पर्यंतची असेल तर अडीच लाख रुपये भरून, हा दर 25 मे 2023 च्या शासन निर्णयाने ठरला. पुरावा म्हणून त्या वर्षीची मतदार यादी, वीजबिल, फोटोपास (सरकारने झोपडीधारकाला दिलेलं ओळखपत्र), दुकान असेल तर गुमास्ता परवाना. यादीत नाव "रामचंद्र" आणि वीजबिलावर "रामू" असलं की प्रकरण अपात्रांत. मूळ माणूस वारला, मुलांनी वारसनोंद केली नाही, की अपात्र. मग अपील, मग शिखर तक्रार निवारण समिती, मग उच्च न्यायालय. सर्वोच्च न्यायालयाने 30 जुलै 2024 च्या निकालात नोंदवलं की झोपडपट्टी कायद्याखालची 1,612 प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयात प्रलंबित आहेत, आणि 1971 च्या या कायद्याच्या अंमलबजावणीचं परीक्षण करायला सांगितलं. एवढ्यावरून काय ते समजा.

तिसरी जागा भाड्याची. झोपडी पाडली, विकासकाने दीड वर्ष भाडं दिलं आणि मग थांबवलं. 2023 पासून एसआरए दोन वर्षांचं भाडं आगाऊ आणि तिसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखांचे धनादेश मागते. नियम चांगला आहे. जुन्या योजनांतल्या थकलेल्यांना मात्र तो उशिरा सुचला. विकासक काम करत नसेल तर झोपडपट्टी कायद्याच्या कलम 13(2) खाली त्याला काढता येतं, पण काढल्यावर तो स्थगिती आणतो आणि पुढचे तीन पावसाळे वस्ती संक्रमण शिबिरात.

गटारपुराण

प्लेनटेबलांनी वरच्या मजल्यांचं सांगितलं, मी जमिनीखालचं सांगतो. प्रश्न तिसरा.

एक गोष्ट आधी ठरवा: लादी सगळ्यात शेवटी.

निधी आला की नगरसेवक, आमदार, म्हाडाचं झोपडपट्टी सुधार मंडळ, सगळ्यांचं पहिलं काम लादीकरण. कारण दिसतं, फलक लावता येतो. आणि ते करताना जुना कोबा खोदून काढत नाहीत, त्याच्यावरच नवा थर टाकतात. प्रत्येक वेळी गल्ली तीन-चार इंच वर येते. पाच वेळा केलं की दीड फूट. घराचा उंबरठा तिथेच राहतो. मग पहिल्या पावसात गल्लीतलं पाणी घरात. लोक उंबऱ्यावर विटा लावतात, मग घरात शिरायला पायरी उतरावी लागते, मग आतली जमीन भरून घेतात, मग छप्पर खाली येतं, डोकं पत्र्याला लागतं, मग पत्रा उचलतात. सगळा खर्च एका बिनडोक कोब्यापायी. जुनी लादी फोडून डेब्रिज बाहेर नेणं हे निविदेतच लिहून घ्या, तोंडी नको.

म्हणून क्रम असा:

लेव्हल आधी. ऑटो लेव्हल यंत्र घेऊन दोन दिवसांत 350 घरांच्या वस्तीची पातळी मोजून होते. प्रत्येक गल्लीचं तोंड, प्रत्येक वळण, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जिथे पाणी सोडणार त्या नाल्याची किंवा मलवाहिनीची तळपातळी. हे न करता टाकलेली गटारं उलटी वाहतात. अतिशयोक्ती नाही.

मग मलवाहिनी. घरोघरी शौचालय हवं असेल तर गल्लीत पाइप हवा. 100 मि.मी. पाइपाला साधारण 1:60 उतार लागतो, 150 ला 1:100. आता 40 मीटर गल्ली घ्या: 150 च्या पाइपाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 40 सें.मी. पडती हवी, 100 ला 67 सें.मी. सपाट वस्तीत ते 27 सें.मी. फार मोलाचे असतात, म्हणून पाइप बारीक घेऊन पैसे वाचवणं महागात पडतं. प्रत्येक वळणावर चेंबर, सरळ लांबीत ठरावीक अंतरावर चेंबर, काटकोनी एल्बो कुठेच नाही. तुंबतं ते नेहमी एल्बोमध्ये आणि मोरीच्या जाळीत. पाणी आणि मल एकाच उघड्या गटारात सोडलेलं असेल तर पावसाळी गटार वेगळं काढा, नाहीतर पहिल्या जोरदार सरीला मैला परत घरात येतो.

मलवाहिनी जवळ नसेल तर सामुदायिक शौचालय. संख्येचं गणित करून दाखवतो. मुंबईत 1995 पासून जागतिक बँकेच्या मदतीने जो वस्ती स्वच्छता कार्यक्रम चालला त्यात 50 माणसांमागे एक सीट असा निकष होता. माणशी चार मिनिटं धरली तर 50 जणांना 200 मिनिटं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. सकाळी सहाला सुरू केलं तर शेवटचा माणूस सव्वानऊला. शाळा आणि कारखाना कोणासाठी थांबत नाहीत. स्वच्छ भारत अभियानात हा निकष 35 पुरुषांमागे एक आणि 25 स्त्रियांमागे एक असा आला. तुमच्या 350 घरांत 1,750 माणसं धरली, निम्म्या बायका, तर 35 सीट बायकांच्या आणि 25 पुरुषांच्या, एकूण 60. जुन्या निकषाने 35 च झाल्या असत्या. आणि लहान मुलांसाठी वेगळी बैठी रांग ठेवा. नाहीतर मुलं गटारावरच बसतात, कारण मोठ्यांच्या रांगेत त्यांना कोणी पुढे घेत नाही.

शौचालय बिघडतं कशाने? भिंती पडून नाही, पाणी आणि टाकी या दोन गोष्टींनी. माणशी आठ लिटर धरले तरी दिवसाला 14,000 लिटर. एवढी साठवण आणि ती भरणारी जोडणी नसेल तर महिन्याभरात कुलूप. टाकी, म्हणजे सेप्टिक टँक, दर दोन-तीन वर्षांनी उपसायची असते. मैला उपसणाऱ्या गाडीचा पाइप टाकीपर्यंत पोचेल का, हे बांधण्याआधी चालून बघा. पुष्कळ शौचालयं अशा जागी आहेत की गाडी शंभर मीटर अलीकडेच अडकते. वायुनळी छपराच्या वर न्या आणि तिच्यावर जाळी लावा. ती बंद झाली की आत वायू साठतो, स्लॅबच्या सळया गंजतात. मुंबईत शौचालयाचा तळ खचून माणसं टाकीत पडून मेली आहेत. दुरुस्तीला माणूस आत उतरवू नका. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय टाकी साफ करायला माणूस उतरवणं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी उतरवू नये.

देखभाल कोणी करायची हे सीट मोजण्याआधी ठरलं पाहिजे. वापरणाऱ्या कुटुंबांची समिती, कुटुंबाचा मासिक पास, राखणदाराला पगार आणि राहायला वर एक खोली, एवढं असेल तर चालतं. पास न घेता सगळा भार येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सुट्या पैशांवर ठेवला की दोन वर्षांत ते कोणाच्या तरी खाजगी मालकीचं होतं.

पाणी. 1 जानेवारी 2000 नंतरची वस्ती म्हणून पाणी नाकारता येणार नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये सांगितलं. महापालिकेचं "सर्वांसाठी पाणी" धोरण मे 2022 चं. जोडणी मिळाल्याने झोपडी अधिकृत होत नाही, ती भीती अधिकाऱ्याने दाखवली तर त्याला धोरणच दाखवा. पालिकेचा वस्तीतला दर हजार लिटरला पाच रुपयांच्या आसपास. जोडणी नाही त्याने 20 लिटरचा कॅन नुसत्या पाच रुपयांना घेतला तरी हजार लिटरला अडीचशे. पन्नास पट. गरिबीचा कर म्हणतात तो हा.

जोडणी आहे पण पाणी गढूळ येतं, याचं कारण बहुतेक वेळा एकच. वीसेक अर्ध्या इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) नळ्या जुडीने गटारातून नेलेल्या असतात. पाणी येतं दोन तास. उरलेले बावीस तास नळीत दाब नाही, गंजलेल्या भोकातून गटार आत शिरतं. कोणी नळाला थेट मोटर लावली की आणखी शोषून घेतं. उपाय: गल्लीच्या तोंडापर्यंत एक मोठी वाहिनी, तिथे जमिनीपासून फूटभर वर मीटर आणि व्हॉल्व्हची पेटी, तिथून पुढे भिंतीवरून क्लॅम्पने गेलेल्या एचडीपीई (प्लॅस्टिकच्या) नळ्या. गटारातून काहीच नाही. शेवटच्या घरच्या नळाचं पाणी क्लोरोस्कोपने (क्लोरीन मोजायच्या साध्या उपकरणाने) तपासा, मोकळं क्लोरीन लिटरला 0.2 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर वाहिनी कुठेतरी फुटलेली असू शकते. ही तपासणी पाच मिनिटांची असते आणि आरोग्य खात्याच्या स्वयंसेविका ती करतात, फक्त मागावी लागते.

आता एवढं झाल्यावर लादी.

माळ्यावरची

दोघांच्याही हिशेबात एक माणूस कुठेच नाही: पोटमाळ्यावरचा भाडेकरू.

वस्तीत 14 फुटांची मर्यादा असली तरी एक मजला चढवलेला असतोच. खाली मालक, वर बाहेरून लोखंडी शिडी आणि भाड्याचं कुटुंब, किंवा सहा मुलं मिळून एक खोली. परिशिष्ट-2 मध्ये तळमजल्याची झोपडी मोजतात, माळा नाही. योजना आली की मालकाला 300 चौ. फुटांचं घर, माळ्यावरचा रस्त्यावर. तो दुसऱ्या वस्तीत दुसऱ्या माळ्यावर जातो. तुमची एक झोपडपट्टी संपते आणि पाच किलोमीटरवर दुसरी तेवढीच दाट होते. आकडा हलत नाही याचं एक कारण हे.

धारावीच्या योजनेत 15 नोव्हेंबर 2022 पर्यंतच्या माळ्यावरच्यांना धारावीबाहेर भाडे-खरेदी तत्त्वावर घर, अशी तरतूद आली. बाकी शहरात त्यांच्यासाठी काही नाही. मुंबईला जे हवंय ते भाड्याचं घर. ते 1947 नंतर फारसं कोणी बांधलं नाही, हे प्लेनटेबलांनीच वर लिहिलंय, आणि मग योजनेबद्दल लिहिताना विसरले.

प्लेनटेबल

मान्य. विसरलो.

शीवकर

गटारपुराण, लादीचं वाचून आमच्या भागातल्या चार गल्ल्या डोळ्यांपुढे आल्या. धन्यवाद.

एक उपप्रश्न. ज्या इमारती झाल्या, त्यातल्या कितीतरी दहा वर्षांत उभ्या झोपडपट्ट्या होतात, लिफ्ट बंद, जिन्यात पाणी. लोकांना इमारतीत राहायची सवय नाही असं सर्रास म्हणतात. खरंच तेच कारण आहे का?

देखभाल_वर्गणी

सवयीचं कारण नाही, बेरीज-वजाबाकीचं आहे.

विकासकाने प्रत्येक घरामागे 40,000 रुपये देखभालीसाठी ठेवायचे असा बराच काळ नियम होता. 100 घरांची इमारत म्हणजे 40 लाख. साडेसहा टक्क्यांनी व्याज वर्षाला 2 लाख 60 हजार. महिन्याला 21,600 च्या आसपास, घरटी 217 रुपये. दोनशे सतरा रुपयांत दोन लिफ्टचा देखभाल करार, पाण्याचे पंप, अग्निशमनाचा पंप, जिन्यातले दिवे आणि सफाई कामगार. सात मजल्यांच्या काळात ओढूनताणून जमायचं. आता पुनर्वसनाच्या इमारती वीस मजल्यांच्या वर जातात, तिथे लिफ्ट बंद म्हणजे म्हातारी माणसं घरात कोंडली. उरलेले पैसे कुटुंबाने भरायचे. झोपडीत ज्याचं मासिक बिल दोन-तीनशे होतं त्याला इमारतीत दीड-दोन हजार पडतात, आणि उत्पन्न तेच. काही जण घर भाड्याने देऊन परत वस्तीत जातात ते यामुळे. त्याला लबाडी म्हणायची घाई करू नका.

दुसरं, घनतेचं गणित. 2034 पर्यंतच्या नियमावलीत हेक्टरी किमान 650 पुनर्वसनाची घरं. घरटी 27.88 चौ.मी.ने (म्हणजे 300 चौ. फूट) चटईच 18,122 चौ.मी. होते, भिंती-जिने-वाट-बालवाडी धरून 25,000 च्या आसपास. विकासक विक्रीची इमारत रस्त्याकडेला मोकळ्या जागेसकट ठेवतो आणि पुनर्वसन मागच्या कोपऱ्यात दाबतो. समजा एक हेक्टरपैकी 4,000 चौ.मी.त 650 कुटुंबं, म्हणजे 3,250 माणसं. माणशी सव्वा चौ.मी. जमीन. दोन इमारतींमध्ये मग काय अंतर राहणार?

गोवंडीची नटवर पारेख वसाहत बघा: सात मजली इमारतींच्या रांगा, मध्ये जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर दुपारी दिवा लावावा लागतो. ऊन आणि वारा नसलेल्या खोल्या आणि क्षयरोग यांचा संबंध त्या भागातल्या वसाहतींत अभ्यासातून पुढे आला आहे. पत्र्याच्या घराला निदान फटी तरी असतात.

सभेत नकाशा दाखवतात तेव्हा बघायचं ते एवढं: पुनर्वसनाच्या दोन इमारतींमधलं अंतर किती, खालच्या चौथ्या मजल्यापर्यंत किती खोल्यांना उघडं आकाश, लिफ्ट किती आणि त्यातली एक स्ट्रेचर मावेल एवढी आहे का, जनित्र कोणाच्या मीटरवर. 300 चौ. फूट मिळणार का हे सगळे विचारतात, हे कोणी विचारत नाही. नकाशावर सही झाल्यावर यातलं काहीही बदलत नाही.

मध्यमवर्गीय_करदाता

वस्तीत नळ, शौचालय, मलवाहिनी देणं म्हणजे अतिक्रमण कायम करणं नाही का? उद्या जमीन हवी असली तर कोण उठणार?

गटारपुराण

1976 ला मुंबईत झोपड्यांची गणना झाली, फोटोपास दिले गेले. ते घेतलेल्यांची तिसरी पिढी तिथेच आहे, शौचालय असो वा नसो. नळ दिल्याने कोणी आलं नाही आणि नळ तोडल्याने कोणी गेलं नाही. 1985 च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, पण पदपथावरून हलवायला मनाईही केली नाही. फक्त नोटीस द्या, ऐकून घ्या म्हटलं. कायदा तेवढाच आहे.

आणि स्वच्छतेचा प्रश्न वस्तीच्या कुंपणाशी थांबत नाही. जुलै 2020 मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांत रक्ततपासणीचं सर्वेक्षण झालं, वस्तीतल्या 57 टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाची प्रतिद्रव्यं सापडली, बाहेरच्या इमारतींत 16 टक्के. सामायिक शौचालयाची कडी रोज पन्नास हात लावतात. त्याच हातांनी तुमच्या घरातली भांडी घासली जातात, दूध येतं, लिफ्ट चालते.

प्लेनटेबल

करदात्यांच्या प्रश्नाला दुसरी बाजू जोडतो: इमारतीखेरीज मार्ग नाही हा समज आपल्याकडे पक्का बसलाय.

चारकोप, गोराई, मालवणी इथे म्हाडाने 1985 नंतर जागतिक बँकेच्या प्रकल्पात इमारती बांधल्याच नाहीत. आखलेले लहान भूखंड दिले, रस्ता, नळ, मलवाहिनी आधी, आणि 35 भूखंडांची एक सोसायटी मध्ये अंगण ठेवून. घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीने चढवलं. आज चारकोपला कोणी झोपडपट्टी म्हणत नाही. त्यासाठी लागते ती मोकळी जमीन, आणि ती शहराच्या कडेला असताना घ्यावी लागते. शहर तिथे पोचल्यावर नाही.

पुण्यात येरवड्याला केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहर सुधारणा योजनेतून वस्ती न हलवता घरं झाली. पक्की घरं तशीच ठेवली, फक्त कच्ची पाडून त्याच गल्लीत त्याच जागी 270 चौ. फुटांची घरं, कुटुंबाचा वाटा दहा टक्के. अवघड गेलं ते मापाचं: ज्याची जुनी झोपडी 400 फुटांची होती तो 270 ला का तयार होईल? आणि दोन पक्क्या घरांमधल्या आठ फुटी फटीत पाया खणायचा म्हणजे शेजारची भिंत धरून ठेवावी लागते, कंत्राटदार पळतात. हे काम घरागणिक वेगळ्या नकाशाचं आहे, एका नकाशाच्या शंभर प्रती काढून होत नाही. म्हणून ते वाढलं नाही.

नागपुरात मालकी पट्ट्यांसाठी वस्त्यांनी वर्षानुवर्षं लढा दिला आणि तिथे पट्टे वाटले जात आहेत. ओडिशाने तर 2017 मध्ये झोपडीवासीयांना जमिनीचा हक्क देणारा कायदाच केला. पट्टा मिळाला की माणूस स्वतःचे पैसे घरात घालतो, कारण उद्या बुलडोझर येणार नाही याची खात्री असते. मुंबईत हे उपनगरांच्या टोकाला, जिथे 85,000 विरुद्ध एक लाखाचं माझं वरचं गणित जमत नाही, तिथे करून बघण्यासारखं आहे. जिथे जमतं तिथे विकासक येतोच.

दरडीखालच्या आणि नाल्याच्या पात्रातल्या घरांना मात्र यातलं काही लागू नाही. ती हलवलीच पाहिजेत. जुलै 2021 ला माहुलच्या भारत नगरात डोंगरउतारावरची भिंत कोसळून काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. पण हलवताना दोन-तीन किलोमीटरच्या आत. तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबं रिफायनऱ्यांशेजारी माहुलला नेली, तिथली हवा सोसेना, आणि शेवटी 2019 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना दरमहा 15,000 रुपये भाडं द्यायला सांगितलं. शेजारी जागा शोधली असती तर स्वस्त पडलं असतं.

माळ्यावरची

शीवकर, तुमच्या 350 घरांसाठी एक बिनखर्चाचं काम. इमारत दहा वर्षांनी येवो की वीस, परिशिष्ट-2 चे कागद आत्ताच गोळा करायला लागा. प्रत्येक घराची एक फाइल: 2000 पूर्वीच्या मतदार यादीची प्रमाणित प्रत, 2011 ची प्रत, सगळ्यात जुनं सापडेल ते वीजबिल, फोटोपास. नावात फरक असेल तर प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातली नोंद. मूळ धारक वारला असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसनोंद, भावाभावांत बोलणं आहे तोवरच. वीजबिल गटार तुंबल्यावर पहिल्यांदा भिजतं, म्हणून फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, माळ्यावर.